टाके कोरडे

अमडापूरच्या स्टँडवर खामगावची बस लागली होती. समता चढणार, तेवढ्यात मागून पंजाबराव गुरुजींनी हाक मारली. गुरुजींनी तिला सातवीत गणित शिकवलं होतं. आता ते निवृत्त झाले होते, आणि दोन महिन्यांपूर्वी, जानेवारीत, तिच्याच शब्दावर खामगावला शेखर डॉक्टरांच्या दवाखान्यात येऊन पित्ताची पिशवी काढून घेऊन गेले होते. दुर्बिणीचं ऑपरेशन, पोटाला चार बारीक छिद्रं, तिसऱ्या दिवशी घरी. समता त्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर होती.

"गुरुजी, पोट कसं आहे आता?" तिनं सहज विचारलं.

"बरं आहे की," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक छिद्र तेवढं ओलं राह्यते."

"ओलं म्हणजे?"

गुरुजी संकोचले, पण स्टँडच्या भिंतीकडे तोंड करून त्यांनी शर्टाचं खालचं बटण काढलं. बेंबीजवळ जांभळट लाल रंगाची, बोरापेक्षा थोडी मोठी गाठ होती. तिच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक होतं आणि त्यातून पातळ पाणी झिरपत होतं.

"टाके काढले तवा तर कोरडं ठणठणीत होतं," गुरुजी बटण लावत म्हणाले. "महिन्यानं गाठ आली, मंग फुटली. चिखलीत दाखोलं. ते म्हनले, आत टाका राह्यला असन. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. पू तपासला, त्यात काहीच निंगालं नाही."

"मग आमच्याकडं का नाही आलात?"

"तुले वाईट वाटलं असतं."

कंडक्टरनं घंटी दिली. समता चढली, खिडकीशी बसली, आणि बस गाव सोडून बरीच पुढं गेली तरी तिच्या डोळ्यांपुढून ती गाठ हलेना. गुरुजींची फाईल तिनंच बंद केली होती. आठव्या दिवशी टाके काढून तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'टाके कोरडे. रुग्ण बरा.' त्यात खोटं काही नव्हतं. आठव्या दिवशी ते खरंच कोरडे होते.

एकानं काही ठरत नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. पण त्याच आठवड्यात, गुरुवारी, वाहेद आला.

वाहेद हा वरवट बकालचा गादीवाला. कापूस पिंजून गाद्या-उशा भरण्याचं त्याचं दुकान होतं. त्याच्या बायकोची, मुबीनाची, पित्ताची पिशवी फेब्रुवारीच्या सुरुवातीला काढली होती. तो काउंटरपाशी उभा राहून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. "मले कागद पाह्यजे. बायकोचे. सगळे." काउंटरवरची मुलगी त्याला डिस्चार्जचा कागद दाखवत होती आणि तो मान हलवत होता. "हा हाय माह्याजवळ. आतले पाह्यजे. ऑपरेशनच्या येळचे."

समता बाहेर आली. "मुबीना कशी आहे, वाहेदभाऊ?"

वाहेदनं तिच्याकडं नीट पाहिलं. असं पाहिलं की तिनं नकळत हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

"तुमाले माहीत नाही?" तो म्हणाला.

"नाही. काय झालं?"

"माहीत नाही तर राहू द्या," असं म्हणून तो वळला आणि पायऱ्या उतरून गेला. समता मागं गेली तोवर त्याची गाडी सुरू झालेली होती.

त्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, समता थिएटरचं रजिस्टर घेऊन गच्चीवर गेली आणि फोन करायला बसली. नवीन वर्ष लागल्यापासून दुर्बिणीची एक्केचाळीस ऑपरेशनं झाली होती. जानेवारीतल्या मोफत शिबिरानंतर कामच वाढलं होतं. तिनं वरून सुरुवात केली.

"मी शेखर डॉक्टरांच्या दवाखान्यातून बोलते. तब्येत कशी आहे आता?"

"बरी हाय. काऊन?" पलीकडचा माणूस लगेच सावध झाला. "काही लफडं हाय का?"

"नाही, सहज विचारते."

"सहज कोन विचारते, बाई?"

असंच चाललं. दवाखान्यातून महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो, ह्याची कुणालाच सवय नव्हती. कोणी विचारायचं, पोटात काही राह्यलं का आमच्या? कोणी नवऱ्याला फोन द्यायचं. पण तिसऱ्या दिवशी केसरबाई नावाच्या बाईंनी फोन उचलला, आणि समतानं विचारताच पलीकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"शिस्टर, तुमी विचारलं म्हनून सांगते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बेंबीपाशी फोडासारखं होते. फुटते, भरून येते, पुन्हा होते. मले वाटलं माह्याच अंगात दोष हाय. कोनाले सांगतलं नाही."

आठवडा संपला तेव्हा समताच्या वहीत चौतीस नावांपुढं खूण होती. सात जणांनी फोनच उचलला नव्हता, त्यात वाहेदचा नंबरही होता. आणि चौतिसातल्या दहा जणांनी एकच गोष्ट सांगितली होती. टाके काढताना कोरडं, मग तीन-चार आठवडे छान, मग गाठ, मग पाणी. कोणी खामगावातच दुसरीकडं गेलं होतं, कोणी शेगावला, कोणी मेडिकलमधून मलम आणून लावत होतं. परत इथं कोणीच आलं नव्हतं. म्हणून दवाखान्याच्या कपाटात सगळेच बरे होते.

तिनं चीर देऊन ऑपरेशन झालेल्यांनाही फोन केले, हर्निया, अपेंडिक्स, सिझेरियन. तिथं असं काही नव्हतं. मागच्या वर्षीच्या दुर्बिणीच्या वीस जणांना फोन केले. त्यांच्यातही नाही. म्हणजे जे काही होतं ते छिद्रांतून पोटात घालायच्या दुर्बिणीच्या नळ्यांमुळं होतं, आणि ह्याच वर्षी सुरू झालं होतं.

आणि नळ्या धुण्याचं काम होतं कारभारीमामांचं.

कारभारीमामा दवाखाना उघडला त्या दिवसापासून थिएटरमध्ये होते. सोळा वर्षं. ऑपरेशन झालं की नळ्या आणि चिमटे घासायचे, मग निर्जंतुक करण्याच्या सोल्यूशनच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवायचे, वेळ झाली की काढून पाण्यात खंगाळून टेबलावर द्यायचे. सोल्यूशन चौदा दिवसांनी बदलायचं असतं. समताला वाटू लागलं, मामा ते वेळेवर बदलत नसणार. किंवा कमी पडलं की त्यात पाणी घालत असणार. माणूस साठीकडं आला, कंटाळा करत असेल. कोण बघतं?

मग ती बघू लागली. मामा जेवायला गेले की ट्रेवरच्या चिकटपट्टीवरची तारीख वाचायची. एकदा तिनं ट्रेच्या बाहेरून मार्करनं सोल्यूशनच्या पातळीवर बारीक रेघ मारली आणि दोन दिवसांनी तपासली. पातळी तेवढीच होती. चिकटपट्टीवरची तारीखही बरोबर होती. रिकामा कॅन कचऱ्यात होता, नवा फोडलेला होता. कुठंच चूक सापडेना. पण त्यानं तिचं मन शांत झालं नाही, उलट जास्तच बिघडलं. इतकं नेटकं काम मामा पूर्वी कधी करायचे? त्यांना कळलंय आपण बघतोय ते. म्हणून सांभाळून चाललेत.

मामाही तिच्याशी कमी बोलू लागले होते. पूर्वी ऑपरेशनं आटोपली की दोघं चहा घ्यायचे, मामा नातीचे किस्से सांगायचे. आता ते कप घेऊन जिन्यात जाऊन बसायचे.

शुक्रवारी तिनं धीर करून शेखर डॉक्टरांना सांगितलं. वही त्यांच्यापुढं ठेवली. डॉक्टर पन्नाशीचे, हाताला हलके, बोलायला तुटक. त्यांनी नावं वाचली. बराच वेळ वाचली.

"घरी जाऊन लोक काय लावतात ते आपल्याला माहीत नसतं," ते म्हणाले. "हळद, तेल, झाडपाला."

"दहाही जण, सर? आणि एकाच जागी?"

डॉक्टरांनी वही मिटली. "हे अजून कोणाला सांगितलंत?"

"नाही."

"बरं. वही राहू द्या माझ्याकडं."

नेमका तोच प्रश्न त्यांनी का विचारला? समता घरी गेली, स्वयंपाक केला, ताटावर बसली, आणि तो प्रश्न तिच्याबरोबर सगळीकडं होता. रुग्णांना काय झालं हे त्यांनी विचारलं नव्हतं. कोणाला सांगितलं हे विचारलं होतं. बरं झालं, फोन करतानाची कच्ची यादी तिच्याकडं वेगळी होती. तिनं ती पुन्हा स्वच्छ उतरवली आणि अमडापूरला भावाकडं, प्रसेनजितकडं, पाठवून दिली. "जपून ठेव," एवढंच सांगितलं.

सोमवारी थिएटरच्या कपाटात रजिस्टर नव्हतं.

"डॉक्टरसाहेब घेऊन गेले," मामा तिच्याकडं न पाहता म्हणाले. "शनिवारी. गाडीत टाकलं."

त्याच दिवशी दुपारी गुरुजींचा फोन आला. "अवं समता, काल तुह्या डॉक्टरनं मले बोलावून घेतलं. रविवार असून. ती गाठ कापली, आतला तुकडा काढला अन बाटलीत घातला. मी म्हनलं समता कुठी हाय, तर म्हनले सुट्टीवर. तुले माहीत नाही का?"

"नाही गुरुजी."

फोन ठेवल्यावर तिनं एकेक गोष्ट जोडली. रजिस्टर घरी, वही त्यांच्याकडं, आणि रविवारी, कोणी नसताना, गाठ कापून तुकडा बाटलीत. डॉक्टर पुरावा गोळा करून नाहीसा करतायत, दुसरा काय अर्थ? सात वर्षं ती ह्या माणसाच्या शेजारी उभी राहून हातात हत्यारं देत आली होती. त्यांची बोटं कधी थरथरलेली तिनं पाहिली नव्हती. आता तिला वाटलं, आपण फक्त बोटंच पाहिली.

मंगळवार हा ऑपरेशनचा दिवस. चार होती, चारही दुर्बिणीची. पहिली दोन झाली. तिसऱ्या बाईला अजून भूल द्यायची होती. समता त्या दिवशी टेबलापाशी न थांबता बाहेर सिंकपाशी येऊन उभी राहिली. मामांचं काम तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायचं होतं. आजवर तिनं ट्रे पाहिला होता, तारखा पाहिल्या होत्या. मामांचे हात सलग कधी पाहिले नव्हते.

मामांनी नळ्या घासल्या. सोल्यूशनमध्ये बुडवल्या. घड्याळ लावलं. वेळ होईपर्यंत समता तिथंच उभी राहिली. मग मामांनी हातमोजे बदलले, नळ्या बाहेर काढल्या आणि शेजारच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यातल्या पाण्यात एकेक करून खंगाळू लागले.

"मामा, हे पाणी कुठलं?"

मामांचे हात थांबले. "फिल्टरचं."

"वॉर्डातल्या? पिण्याच्या फिल्टरचं?"

"हाव."

"वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेलं का नाही? नळ्या नेहमी बाटलीतल्या पाण्यात खंगाळायच्या असतात. हे कोणी सांगितलं तुम्हाले?"

मामांनी नळ्या परत ट्रेमध्ये ठेवल्या. हातमोजे काढले, नीट गुंडाळून बादलीत टाकले. मग पहिल्यांदा, दोन आठवड्यांत पहिल्यांदा, त्यांनी सरळ तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"तुमी."

"मी?"

"शिबिराच्या दिवशी. सहा ऑपरेशनं होती. बाटल्या तिसऱ्यालेच संपल्या. आतून डॉक्टर वरडत होते, नळ्या द्या म्हनून. तुमी मागं वळून म्हनल्या, फिल्टरचं घ्या मामा, भागवा. पुढच्या मंगळवारी मी बाटल्या पाह्यल्या, नव्हत्या. मी डब्यात फिल्टरचं भरलं. तुमी तिथंच उभ्या होत्या. काही म्हनल्या नाही. त्याच्यानंतर तेच चालू हाय."

समताला तो दिवस आठवला. हात वर धरलेले, मास्कमध्ये घाम, आणि तिचाच आवाज. तिनं 'आज भागवा' म्हटलं होतं की नुसतं 'भागवा', ते काही आठवेना. बाटल्या भरून ऑटोक्लेव्हला लावायला सांगणं तिचं काम होतं. कोणी मागितल्या नाहीत, तर तिनं लावल्या नाहीत. तो स्टीलचा डबा तिनं प्रत्येक मंगळवारी पाहिला होता, अकरा आठवडे. त्यात कुठलं पाणी आहे हे विचारायचं कधी तिच्या मनात आलं नव्हतं.

"मग इतके दिवस बोलले का नाही?"

"तुमी मागं लागल्या होत्या माह्या," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण जबडा आवळलेला होता. "तारखा वाचता, ट्रेवर रेघा मारता. मी काय आंधळा हाय? मले वाटलं, बाईले सगळं माहीत हाय, अन आता माह्या नावावर घालनं चाललं. म्हनून चूप राह्यलो. डॉक्टरनं विचारलं तर सांगाचं, तोवर तोंड उघडाचं नाही, असं ठरवलं होतं."

समता आत गेली. डॉक्टर हात धुऊन उभे होते.

"सर, तिसरं आणि चौथं आज करू नका."

डॉक्टरांनी मास्कच्या वरून पाहिलं. "का?"

"बाहेर या, सांगते."

डॉक्टरांच्या खोलीत ती उभीच राहिली. मामा दाराशी येऊन थांबले होते, चौकटीला हात लावून. पाण्याची गोष्ट सांगताना एक क्षण असा आला की वाक्य कुठल्याही बाजूला जाऊ शकलं असतं. मामांनी पाणी बदललं, असं म्हटलं असतं तरी ते शब्दशः खोटं ठरलं नसतं. डबा मामांनीच भरला होता. मामाही श्वास धरून ते वाक्य कुठं जातं ते पाहत होते, हे तिला पाठीमागं न पाहता कळत होतं.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "शिबिराच्या दिवशी. आणि नंतर पाहिलं नाही."

डॉक्टरांनी खण उघडला आणि एक कागद काढून तिच्यापुढं सरकवला. अकोल्याच्या एका प्रयोगशाळेचा रिपोर्ट होता.

"काल आला," ते म्हणाले. "महिनाभरानं गाठी येतात आणि पू तपासून काही सापडत नाही, म्हटल्यावर मला शंका होतीच. तीन आठवड्यांपूर्वी शेगावच्या एका डॉक्टरनं आपल्या एका पेशंटच्या गाठीचा तुकडा माझ्याकडं पाठवला होता. तो मी तपासायला दिला. परवा गुरुजींचा दिला, त्याचं यायचंय. हा जंतू टीबीच्या कुळातला आहे, पण टीबी नाही. पाण्यात राहतो. साध्या तपासणीत दोन दिवसांत उगवत नाही, म्हणून सगळीकडं 'काही नाही' असं आलं."

"तीन आठवडे तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. सोल्यूशनमध्ये कोणीतरी पाणी घालतंय, असं वाटत होतं." डॉक्टरांनी तिच्याकडं आणि मग दाराकडं पाहिलं. "तुम्ही की मामा, ते ठरत नव्हतं. म्हणून रजिस्टर घरी नेलं. म्हणून विचारलं, कोणाला सांगितलंत."

दारातून मामा वळले आणि जिना उतरून गेले. त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

फिल्टरच्या टाकीतलं पाणी तपासायला गेलं. आठ दिवसांनी त्यातही तोच जंतू निघाला. तोवर दुर्बिणीची ऑपरेशनं बंद होती आणि डॉक्टर स्वतः एकेकाला फोन करून बोलावत होते. जे आले नाहीत त्यांच्याकडं जायचं ठरलं. पहिलं गाव वरवट बकाल.

दुकानात वाहेद उशी शिवत होता. डॉक्टरांची गाडी पाहून तो उठला नाही. सुई कापडात अर्धी तशीच राहिली.

"कागद द्याले आले का?"

डॉक्टरांनी फाईलची पूर्ण प्रत त्याच्या हातात दिली. इतक्या सहज मिळाली ह्याचंच वाहेदला नवल वाटलं असावं. त्यानं पानं उलटीसुलटी केली. "याच्यातलं काही काढलं तर नाही?"

"नाही. आम्हाला मुबीनाला भेटायचंय."

घर दुकानाच्या मागंच होतं. वाहेदची आई अमीरबी ओट्यावर धान्य निवडत होती. सिस्टरचा चेहरा तिनं ओळखला. "तुमच्याकडं आनली तवा धडधाकट होती," ती म्हणाली आणि सूप बाजूला ठेवलं.

मुबीना मागच्या खोलीत खाटेवर बसली होती. समतानं तिला शेवटची पाहिली होती ती हसून जाताना. आता ती वाळली होती, ओढणी हनुवटीपर्यंत ओढलेली. खाटेखाली एक ताट, एक पेला, एक वाटी वेगळी ठेवलेली होती, प्रत्येकाला लाल दोरा बांधलेला. आणि खोलीच्या उंबऱ्यावर, बाहेरच्या बाजूला, तिची पाच वर्षांची मुलगी अदीबा बसून आईशी बोलत होती. आत येत नव्हती.

"टीबी सांगतला एका डॉक्टरनं," वाहेद म्हणाला. "गोळ्या चालू हायेत. फरक नाही. मले वाटलं तुमच्याकडूनच लागला. दुसऱ्या कोनाच्या सुया वापरल्या असतील. म्हनून कागद मागत होतो."

"अन मले वाटते बिमारी माहेरूनच आनली," अमीरबी दारातून म्हणाली. "लगन जमवलं तवा लपवली. पोरीच्या अंगावर जाईल म्हनून अलग ठेवली."

मुबीना खाली पाहत होती. हे वाक्य ती पहिल्यांदा ऐकत नव्हती, हे तिच्या मानेवरून कळत होतं.

डॉक्टर बोलणार, तेवढ्यात समताच बोलली. ती अमीरबीकडं वळली.

"चाची, हा तो टीबी नाही. तपासून पाहिलंय. एकाचा दुसऱ्याले लागत नाही, लेकरालेही नाही. हिनं माहेराहून काही आणलं नाही. जंतू आमच्या दवाखान्यातल्या पाण्यात होता. ऑपरेशनच्या नळ्या त्या पाण्यात धुतल्या. ते पाणी वापरा म्हणून मी सांगितलं होतं."

वाहेदनं हातातली फाईल मिटली.

"हे काऊन सांगून राह्यल्या?" वाहेद हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी होता, संशय जास्त. "कोनी असं स्वतःहून सांगत नाही. उद्या आमी केस केली तर?"

"करा," डॉक्टर म्हणाले. "फाईल तुमच्याजवळ आहे. मी नाही म्हणणार नाही. पण औषध आत्तापासून बदलायला हवं. सहा महिने लागतील, कदाचित ती जागा पुन्हा कापावी लागेल. त्याचा कुठलाच खर्च तुमच्यावर पडणार नाही."

वाहेदनं आईकडं पाहिलं. अमीरबीचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. एवढ्यात मुबीनानं हात पुढं केला. "अदीबा, इकडं ये."

पोरगी उठली, पण उंबरा ओलांडायच्या आधी तिनं आजीकडं पाहिलं. अमीरबीनं काही म्हटलं नाही. हो नाही की नको नाही. मग ती खाली वाकली, सूप उचललं आणि ओट्यावर निघून गेली. पोरगी धावत आत गेली आणि आईच्या मांडीवर तोंड खुपसून बसली. मुबीनानं दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं. कितीतरी वेळ तिनं ते सोडलं नाही.

निघताना मुबीना समताला म्हणाली, "इलाज घेईन. पन माही पट्टी तुमी नका करजा. दुसऱ्या बाईले सांगा."

"सांगते," समता म्हणाली.

पुढचे महिने सोपे नव्हते. फोन न उचललेल्या सातांपैकी तिघांनाही तसंच निघालं, म्हणजे एकूण तेरा. पंजाबराव गुरुजींची जखम सगळ्यांत आधी बरी झाली, आणि त्यांनी ती गोष्ट अमडापुरात ज्याला त्याला, समताचं नाव न घेता, सांगितली. तरी लोकांना नाव कळलंच. केसरबाईंची जागा दोनदा कापावी लागली. अर्जुनराव नावाचे एक गृहस्थ दुसऱ्या शहरात गेले आणि त्यांनी फोन घेणंच बंद केलं, त्यांचं काय झालं ते समताला कधी कळलं नाही. जिल्ह्याहून दोन अधिकारी चौकशीला आले. त्यांनी समताला तीन तास प्रश्न विचारले, आणि तिचा थिएटरचा चार्ज चार महिन्यांसाठी काढला. ती वॉर्डात बीपी मोजत राहिली.

चार्ज परत मिळाला त्या दिवशी तिनं कारभारीमामांना म्हटलं, "मामा, पाण्याच्या दहा बाटल्या लावा." मामांनी खिशातून छोटी वही काढून पुढं केली. "लिहून द्या," ते म्हणाले. तिनं लिहिलं, तारीख घातली, सही केली. तेव्हापासून मामा तिचं कुठलंही सांगणं कागदावरच घेतात. चहा ते अजून जिन्यातच पितात.

मुबीना ऑक्टोबरात शेवटचं दाखवायला आली. पट्टी उघडली ती दुसऱ्या सिस्टरनं. चारही जागी फक्त फिके डाग उरले होते. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. वाहेदनं चिठ्ठी दोनदा वाचली, मग तिचा मोबाइलवर फोटो काढला, आणि मगच घडी घालून खिशात ठेवली. केस त्यानं केली नव्हती. करणारच नाही, असंही तो कधी म्हणाला नव्हता.

समता पॅसेजमध्ये औषधांची ट्रॉली लावत होती. मुबीना तिच्यापुढून गेली, जिन्यापर्यंत पोचली, आणि वाहेदला थांबवून परत आली.

"तुमी लोकायले फोन करता म्हनतात. ऑपरेशन झाल्यावर."

"हो. महिन्यानं करते, मग तीन महिन्यांनी."

मुबीनानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "माह्या देवरानीले, धाकट्या दिराच्या, फहीमच्या बायकोले, दुर्बिणीचं ऑपरेशन सांगतलं हाय. दुसऱ्या दवाखान्यात. आमी विचारलं, नळ्या कशात धुता, तर ते हसले. आमाले कोन सांगते?" तिनं जरा थांबून समताकडं पाहिलं, अजूनही पूर्ण विश्वासानं नाही. "तुमी संगं येसान का? तुमाले माहीत हाय काय विचाराचं ते."

"कधी आहे?"

"मंगळवारी."

मंगळवारी समताच्या थिएटरमध्येही ऑपरेशनं असायची. तिनं ट्रॉली भिंतीला लावली. "डॉक्टरांना विचारून येते, थांब," ती म्हणाली, आणि रजा मागायला आत गेली.